कुस्कोमधील अल्पखर्ची पर्यटन

कुस्को हे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या आग्नेय भागात, आन्देस पर्वतरांगेत वसलेले शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर आहे. इंका साम्राज्याची राजधानी असलेले हे शहर आज माचू पिच्चू या पुरातन स्थळाकडे जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांचा मुख्य तळ आहे. पेरूच्या १९९३ च्या राज्यघटनेने लिमाला देशाची राजधानी आणि कुस्कोला ऐतिहासिक राजधानी असा दर्जा दिला आहे. विद्यार्थी, गिर्यारोहक आणि मर्यादित साधनांनिशी दीर्घ प्रवास करणारे पर्यटक येथे मोठ्या संख्येने मुक्काम करतात.

कुस्कोमधील अल्पखर्ची मुक्कामाचे एक वैशिष्ट्य असे की, येथे निवास आणि भोजन तुलनेने स्वस्त असून प्रवेशतिकिटे आणि माचू पिच्चूपर्यंतची वाहतूक महाग आहे. त्यामुळे एकूण खर्च हा खोलीच्या दरापेक्षा मुक्कामाचे दिवस आणि स्थळांचा क्रम यांवर अधिक अवलंबून असतो. विरळ हवेशी शरीराचे अनुकूलन होण्यासाठीही हाच क्रम महत्त्वाचा ठरतो.

== पार्श्वभूमी ==

कुस्को हे वातानाय नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. पंधराव्या शतकात पाचाकुती या सम्राटाच्या कारकिर्दीत शहराची पुनर्रचना झाली आणि ते साम्राज्याचे राजकीय व धार्मिक केंद्र बनले. नोव्हेंबर १५३३ मध्ये फ्रान्सिस्को पिसारोच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश सैन्याने शहरात प्रवेश केला आणि मार्च १५३४ मध्ये स्पॅनिश शहर म्हणून त्याची औपचारिक स्थापना करण्यात आली. इंकांच्या दगडी भिंतींच्या पायावर चर्च, मठ आणि वाडे उभारले गेले. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत वसाहतकालीन इमारतींची मोठी हानी झाली. १९५० च्या भूकंपात सान्तो दोमिंगो मठाचा काही भाग कोसळल्यावर त्याखालील कोरिकान्चा या सूर्यमंदिराच्या भिंती उघड्या पडल्या.

१९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम याच्या मोहिमेमुळे माचू पिच्चूला जागतिक प्रसिद्धी मिळाली. १९८३ साली कुस्को शहर आणि माचू पिच्चू या दोहोंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत झाला. त्यानंतर पर्यटन हा शहराच्या अर्थव्यवस्थेचा प्रमुख आधार बनला. २०१७ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या चार लाखांहून अधिक होती. स्पॅनिश आणि क्वेचुआ या येथील प्रमुख भाषा आहेत.

== उंची आणि अनुकूलन ==

३,४०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. परिणामी प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. भारतातील लेह शहराची उंची जवळपास एवढीच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) कुस्कोच्या निम्म्या उंचीपर्यंतही पोहोचत नाही. समुद्रकिनाऱ्यावरील लिमाहून विमानाने आलेला प्रवासी दीड तासाच्या आत या उंचीवर येतो. त्यामुळे पहिल्या एकदोन दिवसांत डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा आणि निद्रानाश ही तीव्र पर्वतीय आजाराची लक्षणे अनेकांना जाणवतात. वय कमी असणे किंवा शरीर कमावलेले असणे हे या आजारापासून संरक्षण मानले जात नाही.

परिसरातील प्रमुख ठिकाणांच्या अंदाजे उंची पुढीलप्रमाणे आहेत:

* आग्वास कालिएन्तेस (माचू पिच्चूच्या पायथ्याचे गाव): २,०४० मीटर
* अरेकिपा: २,३३० मीटर
* माचू पिच्चू: २,४३० मीटर
* ओयान्तायताम्बो: २,७९० मीटर
* उरुबांबा: २,८७० मीटर
* कुस्को: ३,४०० मीटर
* साक्सायवामान: ३,७०० मीटर
* चिंचेरो: ३,७६० मीटर
* विनिकुन्का (सप्तरंगी पर्वत): ५,००० मीटरहून अधिक

या यादीवरून दिसते की, माचू पिच्चू हे कुस्कोपेक्षा सुमारे एक किलोमीटर खाली आहे. उरुबांबा नदीचे ‘पवित्र खोरे’ही शहरापेक्षा ५०० ते ६०० मीटर खाली आहे. म्हणून विमानतळावर उतरताच शहरात न थांबता थेट ओयान्तायताम्बो किंवा उरुबांबा येथे जाऊन पहिल्या दोन-तीन रात्री तेथे काढाव्यात, नंतर माचू पिच्चू पाहून कुस्कोला परतावे, हा क्रम शरीराला अधिक मानवतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याच्या जागेची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे.

प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध वापरले जाते. ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे लागते. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रिया आणि हृदय वा फुप्फुसाचे विकार असणाऱ्यांनी प्रवासापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ वा रक्तमिश्रित कफ पडणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही फुप्फुसात वा मेंदूत सूज आल्याची चिन्हे असतात. अशा वेळी रुग्णाला विलंब न लावता कमी उंचीवर नेणे हा प्रमुख उपाय आहे. पुढील सहलीचे पैसे भरलेले असल्यामुळे लक्षणांकडे दुर्लक्ष करणे हे गुंतागुंत वाढण्याचे एक कारण ठरते.

कुस्कोमधील बहुतेक निवासगृहांत कोका वनस्पतीच्या पानांचा चहा दिला जातो. आन्देसमधील समाजांत कोकाच्या पानांना दीर्घ सांस्कृतिक परंपरा असून पेरूत त्यांचे सेवन कायदेशीर आहे. मात्र हा चहा पर्वतीय आजार टाळतो असा ठोस वैद्यकीय पुरावा उपलब्ध नाही. त्याच्या सेवनानंतर अमली पदार्थांची चाचणी सकारात्मक येऊ शकते. भारतात कोकाचे पान १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे पाने वा चहाच्या पुड्या भेट म्हणून मायदेशी आणणे हा गुन्हा ठरतो.

== हवामान आणि हंगाम ==

कुस्कोमध्ये वर्षाचे दोन ठळक हंगाम पडतात. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम असून नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा हंगाम असतो. जून आणि जुलैमध्ये दिवसा स्वच्छ ऊन पडते, परंतु रात्रीचे तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. उंचीमुळे अतिनील किरणांची तीव्रता अधिक असते आणि थंड हवेतही त्वचा भाजते.

जून ते ऑगस्ट या काळात पर्यटकांची गर्दी सर्वाधिक असते. २४ जून रोजी साजरा होणारा इंती राय्मी हा सूर्योत्सव १९४४ मध्ये पुनरुज्जीवित करण्यात आला. या सुमारास शहरातील खोल्यांचे दर लक्षणीय वाढतात. पेरूचा स्वातंत्र्यदिन २८ जुलै रोजी असल्यामुळे जुलैच्या अखेरीस देशांतर्गत प्रवाशांचीही भर पडते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या संधिकाळात पाऊस कमी आणि दर मध्यम असल्याने अल्पखर्ची प्रवासासाठी हा काळ सोयीचा समजला जातो.

जानेवारी-फेब्रुवारीत दर सर्वांत कमी असतात, पण दरडी आणि पुरामुळे वाहतूक खंडित होण्याचा धोका असतो. जानेवारी २०१० मध्ये उरुबांबा नदीच्या पुराने माचू पिच्चूचा रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटक आग्वास कालिएन्तेस येथे अडकून पडले. इंका पायवाट दरवर्षी फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद ठेवली जाते.

== पोहोचण्याचे मार्ग ==

लिमा ते कुस्को विमानप्रवासास सुमारे सव्वा तास लागतो. आगाऊ आरक्षण केल्यास विमानाचे भाडे बसच्या भाड्याच्या जवळपास येऊ शकते, परंतु सामानाचे शुल्क स्वतंत्र असते. रस्त्याने हे अंतर सुमारे १,१०० किलोमीटर असून बसला २० तासांहून अधिक वेळ लागतो. बस एकाच प्रवासात ४,००० मीटरहून उंच प्रदेश ओलांडत असल्याने सलग बसप्रवासाने अनुकूलन साधतेच असे नाही.

ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांच्यासाठी लिमाहून अरेकिपा आणि तेथे काही दिवस थांबून रात्रीच्या बसने कुस्को, हा टप्प्याटप्प्याचा मार्ग उपयुक्त ठरतो. बोलिव्हियाकडून येणारे प्रवासी तितिकाका सरोवराच्या काठावरील पुनो येथून सहा ते सात तासांत कुस्कोला पोहोचतात. पुनोची उंची ३,८०० मीटरहून अधिक असल्याने या प्रवाशांचे अनुकूलन बहुधा आधीच झालेले असते.

राजकीय आंदोलनांमुळे रस्ते, रेल्वे आणि कधी विमानतळही बंद राहण्याचे प्रसंग येतात. डिसेंबर २०२२ नंतरच्या देशव्यापी आंदोलनात माचू पिच्चू २१ जानेवारी २०२३ पासून काही आठवडे बंद होते. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीकडे सोपवण्याच्या विरोधात आग्वास कालिएन्तेस येथे झालेल्या आंदोलनाने रेल्वेसेवा थांबली. त्यामुळे माचू पिच्चूचा दिवस आणि परतीचे विमान यांत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवणे हा नियोजनाचा आवश्यक भाग ठरतो.

== खर्चाची रचना ==

पेरूचे चलन सोल हे आहे. कुस्कोतील खर्च दोन भागांत विभागता येतो. निवास, भोजन आणि स्थानिक वाहतूक हा दैनंदिन खर्च असून तो प्रवाशाला बऱ्याच अंशी कमी करता येतो. प्रवेशतिकिटे आणि माचू पिच्चूचा प्रवास हा दुसरा, जवळजवळ निश्चित स्वरूपाचा खर्च आहे.

२०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात सामायिक खोलीतील एका खाटेचा दर साधारणतः ३० ते ६० सोल आणि साध्या खाणावळीतील दुपारचे जेवण १० ते १५ सोल होते. याच काळात परदेशी प्रौढांसाठी शहराचे संपूर्ण पर्यटन तिकीट १३० सोल आणि माचू पिच्चूचे साधे तिकीट १५२ सोल होते. म्हणजे केवळ या दोन तिकिटांच्या रकमेत साधारण १८ ते २८ जेवणे होतात. हे दर वेळोवेळी बदलतात, मात्र त्यांचे परस्परप्रमाण नियोजनासाठी मार्गदर्शक ठरते. चार दिवसांच्या घाईच्या मुक्कामापेक्षा आठ दिवसांच्या संथ मुक्कामाचा एकूण खर्च दुप्पट होत नाही, कारण तिकिटांचा खर्च दोन्हींत सारखाच राहतो. शिवाय वेळ हाताशी असल्यास सहलींऐवजी सार्वजनिक वाहने आणि पायी चालणे यांचा वापर करता येतो.

लहान दुकाने, बाजार आणि वाहनांत रोख रक्कमच चालते. मोठ्या नोटांची मोड मिळणे अवघड जाते. डॉलरच्या फाटक्या किंवा डाग पडलेल्या नोटा सहसा स्वीकारल्या जात नाहीत.

== निवास ==

अल्पखर्ची निवासाचे तीन प्रमुख प्रकार आढळतात: सामायिक खोल्यांची वसतिगृहे, कुटुंबांनी चालवलेली लहान निवासगृहे (ओस्पेदाहे) आणि ‘ओस्ताल’ या नावाने ओळखली जाणारी साधी हॉटेले. प्लासा दे आर्मास या मुख्य चौकालगतच्या खोल्या महाग असतात. सान ब्लास हा कारागिरांचा जुना भाग चौकापासून जवळ असला, तरी त्याच्या गल्ल्या उभ्या चढाच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. पाठीवर ओझे घेऊन आलेल्या नवख्या प्रवाशाला पहिल्या दिवशी हा चढ विशेष जाणवतो. सान पेद्रो बाजाराच्या परिसरात आणि वांचाक या सपाट भागात दर कमी असतात.

स्वस्त निवासांत खोल्या उबदार ठेवण्याची यंत्रणा बहुधा नसते. त्यामुळे पांघरुणांची संख्या, गरम पाण्याची वेळ आणि खोलीला ऊन मिळते का, या बाबी आरक्षणापूर्वी विचारून घेणे इष्ट असते. खोली उबदार करण्यासाठी बंद जागेत कोळसा वा गॅस जाळणे जीवघेणे ठरू शकते.

पेरूत १८ टक्के विक्रीकर आकारला जातो. परंतु देशात ६० दिवसांपेक्षा कमी काळ राहणाऱ्या अनिवासी परदेशी पाहुण्यांना निवासाच्या बिलावर या करातून सूट आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि देशातील प्रवेशाची नोंद दाखवावी लागते. ही सूट नोंदणीकृत निवासगृहांतच लागू होते. आरक्षणाच्या वेळी सांगितलेला दर करासहित आहे की करविरहित, हे स्पष्ट करून घेतल्यास अकारण जादा रक्कम भरावी लागत नाही.

== भोजन आणि पाणी ==

दुपारचे ‘मेनू’ हे कुस्कोतील सर्वांत किफायतशीर भोजन होय. त्यात सूप, एक मुख्य पदार्थ आणि एक पेय यांचा समावेश असतो. पर्यटकांच्या चौकापासून काही गल्ल्या दूर गेल्यावर त्याचा दर उतरतो. १९२५ मध्ये उभारलेला सान पेद्रो बाजार हा फळांचे रस, पाव, चीज, सूप आणि भाताचे पदार्थ यांसाठी प्रसिद्ध आहे. चीजसोबत दिले जाणारे उकडलेले मक्याचे कणीस हा रस्त्यावर सर्वत्र मिळणारा पदार्थ आहे. मक्यापासून बनवलेली चिचा ही आंबवलेली पारंपरिक पेयाची जात असून, ती मिळणाऱ्या घराच्या दारावर काठीला लाल कापड वा पिशवी बांधलेली असते.

बटाट्याचे मूळ आन्देसमध्ये असून या प्रदेशात त्याच्या हजारो जाती आढळतात. महाराष्ट्राच्या उपवासाच्या थाळीत स्थान मिळवलेला बटाटा याच पर्वतरांगेतून युरोपमार्गे भारतात पोहोचला. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवून आणि दिवसाच्या उन्हात वाळवून केलेला टिकाऊ बटाटा, म्हणजेच चुन्यो, येथील बाजारात विकला जातो.

शाकाहारी प्रवाशांना किन्वा, मका, बटाटे, अंडी आणि पालेभाज्या सहज मिळतात. मात्र शाकाहारी म्हणून दिलेल्या सुपाचा आधार मांसाचा असण्याची शक्यता असते, त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांसाविना, कोंबडीविना) असे स्पष्ट सांगावे लागते. अनेक वसतिगृहांत स्वयंपाकघर वापरता येते. या उंचीवर पाणी सुमारे ८८ ते ८९ अंश सेल्सियसला उकळते. परिणामी तांदूळ शिजण्यास अधिक वेळ लागतो आणि डाळी व कडधान्ये प्रेशर कुकरविना नीट शिजत नाहीत. नळाचे पाणी तसेच पिऊ नये. या उंचीवर ते तीन मिनिटे उकळल्यास पिण्यास सुरक्षित होते.

== प्रवेशतिकिटे ==

कुस्कोचे ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित पर्यटन तिकीट शहर व परिसरातील १६ स्थळांना लागू होते. संपूर्ण तिकिटाची मुदत दहा दिवसांची असून, कमी किमतीची आंशिक तिकिटे तीन गटांत विभागलेली आहेत:

* पहिला गट: साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा आणि तांबोमाचाय
* दुसरा गट: शहरातील काही संग्रहालये, तसेच तिपोन आणि पिकियाक्ता ही दक्षिणेकडील स्थळे
* तिसरा गट: पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो आणि मोराय

यांपैकी बहुतेक स्थळांवर एका स्थळाचे सुटे तिकीट मिळत नाही. त्यामुळे दोन गटांतील स्थळे पाहायची असल्यास संपूर्ण तिकीट घेणेच परवडते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असणाऱ्यांना संपूर्ण तिकिटावर मोठी सवलत मिळते. कॅथेड्रल, कोरिकान्चा, मारास येथील मिठागरे आणि माचू पिच्चू यांचा या तिकिटात समावेश नाही. आतून रुमियोक गल्लीतील बारा कोनांचा दगड, सान ब्लासचा चौक आणि सान क्रिस्तोबाल चर्चसमोरील सज्जा ही ठिकाणे विनामूल्य पाहता येतात.

पहिल्या गटातील चारही स्थळे एका दिवशी पायी पाहण्याची प्रचलित पद्धत अशी: सार्वजनिक वाहनाने सर्वांत दूरच्या तांबोमाचाय येथे उतरावे आणि तेथून पुका पुकारा, केन्को व साक्सायवामान पाहत उताराने शहरात परतावे. हे अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे. या पद्धतीत चढाचा त्रास आणि सहलीचा खर्च दोन्ही वाचतात.

== स्थानिक वाहतूक ==

शहरांतर्गत प्रवासासाठी लहान बसगाड्या आहेत. टॅक्सींना बहुधा मीटर नसतो, त्यामुळे बसण्यापूर्वीच भाडे ठरवले जाते. पवित्र खोऱ्यात जाण्यासाठी ‘कोलेक्तिवो’ ही सामायिक वाहने सर्वांत स्वस्त पडतात. ती भरल्यावर सुटतात. पिसाककडे जाणारी वाहने पुपुती रस्त्यावरून, तर ओयान्तायताम्बोकडे जाणारी वाहने पावितोस रस्त्यावरून मिळतात. एका दिवसात खोऱ्यातील चार-पाच स्थळे दाखवणाऱ्या सहलींत प्रत्येक ठिकाणी अल्प वेळ मिळतो. कोलेक्तिवोने जाऊन पिसाक किंवा ओयान्तायताम्बो येथे रात्र काढल्यास पुढील गर्दीपूर्वी सकाळी लवकर अवशेष पाहता येतात.

== माचू पिच्चूचा प्रवास ==

माचू पिच्चूपर्यंत थेट मोटाररस्ता नाही. आग्वास कालिएन्तेस येथे जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग रेल्वेचा आहे. ओयान्तायताम्बोहून सुटणाऱ्या गाड्यांना सुमारे पावणेदोन तास लागतात. स्थानिक रहिवाशांसाठीच्या सवलतीच्या गाड्यांत परदेशी प्रवाशांना प्रवेश नसतो आणि पर्यटक गाडीचे एकेरी तिकीट बहुधा ५० अमेरिकन डॉलरहून अधिक असते. पहाटेच्या व दुपारच्या गाड्यांच्या भाड्यांत फरक असल्याने तारीख व वेळेबाबत लवचीक असणाऱ्यांना कमी भाडे मिळू शकते.

दुसरा मार्ग जलविद्युत केंद्राचा, म्हणजे ‘इद्रोएलेक्त्रिका’चा आहे. कुस्कोहून व्हॅनने सुमारे ४,३०० मीटर उंचीची आब्रा मालागा खिंड ओलांडून सान्ता मारिया आणि सान्ता तेरेसामार्गे सहा-सात तासांत या ठिकाणी पोहोचता येते. तेथून रेल्वेमार्गालगत सुमारे दहा किलोमीटर सपाटीवर चालत आग्वास कालिएन्तेस गाठतात. हा मार्ग रेल्वेच्या तुलनेत बराच स्वस्त आहे. मात्र घाटरस्ता अरुंद व वळणांचा असून पावसाळ्यात दरडी कोसळतात. पावसाळ्यात किंवा रात्रीच्या वेळी या मार्गाने जाणे टाळावे, असा सल्ला दिला जातो. हा प्रवास एका दिवसात जाऊन-येऊन करण्याजोगा नसून आग्वास कालिएन्तेस येथे किमान एक मुक्काम आवश्यक असतो.

माचू पिच्चूची तिकिटे तारीख, वेळ आणि ठरावीक मार्ग यांनुसार दिली जातात. २०२४ पासून तीन मुख्य परिक्रमा आणि त्यांतील दहा मार्ग अशी व्यवस्था आहे. निवडलेला मार्ग प्रवेशानंतर बदलता येत नाही. छायाचित्रांतून परिचित असलेले वरच्या बाजूचे दृश्य प्रत्येक मार्गावरून दिसतेच असे नाही, त्यामुळे तिकीट घेण्यापूर्वी मार्गाचा नकाशा पाहणे महत्त्वाचे असते. गर्दीच्या महिन्यांतील तिकिटे बऱ्याच आधी संपतात. काही तिकिटे आग्वास कालिएन्तेस येथे समक्षही विकली जातात, पण त्यासाठी रांगेत थांबण्याची आणि एखादा जादा दिवस राहण्याची तयारी लागते. गावापासून प्रवेशद्वारापर्यंतची बस तुलनेने महाग असून पायऱ्यांची वाट सुमारे दीड तासाच्या चढाची आणि विनामूल्य आहे.

== पदभ्रमण आणि हमालांचे प्रश्न ==

इंका पायवाट ही सुमारे ४३ किलोमीटरची, चार दिवसांची पदयात्रा आहे. तिच्यावरील सर्वोच्च खिंड ४,२०० मीटरहून उंच आहे. हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला ५०० व्यक्तींनाच प्रवेश दिला जातो आणि परवाना केवळ अधिकृत संस्थांमार्फत मिळतो. साल्कान्ताय आणि लारेस या मार्गांना अशी कठोर मर्यादा नसल्याने त्यांचा खर्च कमी असतो. मात्र साल्कान्तायची खिंड ४,६०० मीटरच्या आसपास आहे.

इंका पायवाटेवर तंबू, अन्न आणि स्वयंपाकाचे साहित्य हमाल वाहून नेतात. त्यांपैकी बहुसंख्य जण परिसरातील क्वेचुआभाषक शेतकरी कुटुंबांतील असतात. पूर्वी त्यांच्या पाठीवरील ओझ्याला मर्यादा नव्हती. २००१ च्या हमालविषयक कायद्याने ही मर्यादा २० किलोग्रॅम ठरवली आणि किमान वेतन, भोजन व निवाऱ्याची तरतूद केली. पायवाटेच्या आरंभी ओझ्याचे वजन केले जाते. तरीही नियमभंगाच्या तक्रारी होत राहिल्या आहेत.

परवान्याचे शुल्क सर्व संस्थांसाठी सारखेच असल्याने, इतरांपेक्षा फार कमी दर देणारी संस्था ती तफावत बहुधा मजुरी, जेवण किंवा हमालांची संख्या कमी करून भरून काढते. म्हणून हमालांची संख्या, त्यांचे दैनंदिन वेतन आणि झोपण्याची व्यवस्था यांविषयी आधीच विचारणा करणे हा संस्था निवडण्याचा एक निकष मानला जातो. स्वतःचे सामान स्वतः वाहणे शक्य असल्यास खर्च आणि ओझे दोन्ही कमी होतात.

== भारतीय प्रवाशांसाठी विशेष बाबी ==

भारत आणि पेरू यांच्यात थेट विमानसेवा नाही. प्रवास सामान्यतः युरोप, आखाती देश किंवा उत्तर अमेरिकेतून होतो, त्यामुळे मधल्या देशाच्या संक्रमण व्हिसाचे नियमही तपासावे लागतात. भारतीय नागरिकांना पेरूसाठी व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, युनायटेड किंग्डम, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा वा कायमस्वरूपी निवासाचा परवाना असणाऱ्यांना त्यातून सूट देण्यात आलेली आहे.

पेरूचा समावेश भारताने ठरवलेल्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. पीतज्वराचा डास कुस्कोच्या उंचीवर आढळत नाही. तरीही भारतात परतताना लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध ठरते. म्हणून ही लस प्रस्थानापूर्वीच अधिकृत केंद्रात घ्यावी लागते.

== शहरावरील परिणाम ==

पर्यटनामुळे कुस्कोतील हजारो कुटुंबांना उपजीविका मिळाली आहे. त्याच वेळी ऐतिहासिक केंद्रातील जुने वाडे हॉटेले, उपाहारगृहे आणि दुकाने यांत रूपांतरित झाले आणि तेथील अनेक रहिवासी शहराच्या कडेच्या उतारांवर स्थलांतरित झाले. साफी रस्त्यावर एका हॉटेलच्या बांधकामात इंकाकालीन भिंतींची नासधूस झाल्याने २०१९ मध्ये न्यायालयाने ती इमारत पाडण्याचा आदेश दिला.

चिंचेरो येथे नवा विमानतळ उभारण्याच्या प्रकल्पावरही मतभेद आहेत. रोजगार आणि संपर्कवाढ ही समर्थकांची बाजू आहे. इंकाकालीन शेतमळ्यांचा भूप्रदेश आणि कुस्कोला पाणी पुरवणाऱ्या पिउराय सरोवराचे पाणलोट क्षेत्र धोक्यात येईल, ही विरोधकांची बाजू आहे. २०२० च्या कोविड साथीत माचू पिच्चू मार्च ते ऑक्टोबर अखेरपर्यंत बंद राहिले. त्या काळात एकाच व्यवसायावर अवलंबून असण्याचे परिणाम शहराने अनुभवले.

अल्पखर्ची प्रवासी दररोज कमी पैसे खर्च करतो, परंतु अधिक दिवस राहतो. तो बाजारातील खाणावळ, कौटुंबिक निवासगृह आणि कोलेक्तिवो यांचा वापर करतो, तेव्हा त्याचा खर्च प्रामुख्याने स्थानिकांच्या हाती जातो. याउलट हमालाची मजुरी किंवा कारागिराच्या विणकामाची किंमत पाडून साधलेल्या बचतीचा भार स्थानिकांवरच पडतो.

== मुक्कामाचा नमुना कार्यक्रम ==

उंची, तिकिटांची मुदत आणि वाहतूक यांचा एकत्रित विचार करणारा आठ दिवसांचा कार्यक्रम साधारणतः पुढीलप्रमाणे आखला जातो:

* पहिला व दुसरा दिवस: विमानतळावरून थेट ओयान्तायताम्बो, विश्रांती आणि गावातील अवशेष. येथेच संपूर्ण पर्यटन तिकीट घेतले जाते.
* तिसरा व चौथा दिवस: आग्वास कालिएन्तेसचा प्रवास, मुक्काम, माचू पिच्चू आणि ओयान्तायताम्बोला परत.
* पाचवा दिवस: पिसाकमार्गे कुस्को.
* सहावा दिवस: शहराचे केंद्र, कोरिकान्चा आणि सान पेद्रो बाजार.
* सातवा दिवस: तांबोमाचाय ते साक्सायवामान पायी.
* आठवा दिवस: तिपोन व पिकियाक्ता, किंवा वाहतूक खंडित झाल्यास राखीव दिवस.

या क्रमात सर्वांत उंच स्थळे शेवटी येतात आणि पर्यटन तिकीट त्याच्या दहा दिवसांच्या मुदतीतच वापरले जाते. विनिकुन्काची सहल करायची असल्यास ती सातव्या दिवसानंतरच घेणे सुरक्षित समजले जाते. शहरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ५,००० मीटरवर नेणाऱ्या स्वस्त सहली उपलब्ध असल्या, तरी अनुकूलन न झालेल्या प्रवाशासाठी त्या धोकादायक आहेत.

== हे सुद्धा पहा ==

* पेरू
* इंका साम्राज्य
* माचू पिच्चू
* आन्देस पर्वतरांग
* पर्वतीय आजार